मायची पाठ म्हणजे सरकारी बस नव्हे

आमच्या चोपडा तालुक्यात केळीच्या घडाला जी इज्जत आहे ती गरिबाच्या अपंग पोराला नाही. कुणाला हे वाक्य झोंबलं तर झोंबू दे. घड कापला की मजूर तो खांद्यावर घेतो, बांधापर्यंत आणतो, तिथं ट्रक उभा असतो. ट्रकात केळीचीच पानं अंथरलेली असतात, मालाला डाग पडू नये म्हणून. घड दिल्लीच्या बाजारात पोचतो तो हिरवागार, न खरचटता. आणि त्याच शिवाराच्या कडेला, वस्तीत, ज्या पोराचे पाय चालत नाहीत ते पोरगं दोन किलोमीटरवरच्या शाळेत पोचत नाही. गंमत बघा, तो घड वाहणारा खांदा पुष्कळदा त्याच पोराच्या बापाचा असतो. बापाने दिवसभर शेठजीचा माल गाडीत चढवायचा. आपलं पोर कोणत्या गाडीत चढवावं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तापीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेला हा तालुका. रेल्वे चोपड्याला आलीच नाही. जे काही येणं-जाणं ते एस.टी.वर, काळ्या-पिवळ्या जीपवर, ॲपेवर आणि पायांवर. आता पायच नसतील तर? डोळे नसतील तर? सरळ आहे, घरी बसायचं.

मी पाहिलेलं सांगतो. सातपुड्याकडल्या एका गावात एक पोरगा आहे. जन्मला तेव्हा रडला नाही, मग पाय लाकडासारखे ताठ राहिले. डोकं मात्र तल्लख. तिसरीपर्यंत त्याच्या मायने त्याला पाठीवर नेलं. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं, मधल्या वेळात जवळच्याच शेतात निंदणी. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की दोघंही घरी. चौथीत शाळा सुटली. मी विचारलं, कसाले सोडलं माय? ती म्हणाली, "भाऊ, आते तो जड व्हई गया. मन्ही पाठ गयी."

पोरगं वाढलं, हा त्याचा गुन्हा! मुलाचं वजन दरवर्षी वाढतं आणि मायची पाठ दरवर्षी खचते, हे गणित तिसरीच्या पोरालाही सुटेल. शिक्षण खात्याला सुटत नाही. त्यांच्या कागदावर हे पोरगं शाळेतून गळालेलंच नाही. त्याच्या नावापुढे 'गृहाधारित शिक्षण' असा शेरा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्काच्या कायद्यात तरतूद आली की तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला हवं असेल तर घरी शिक्षण घेता येईल. हवं असेल तर! हा हक्क मुलाचा होता, निवड मुलाची होती. गावागावांत तो उलटा वापरला जातो. गाडी नाही म्हणून घरी बसव, आणि वर लिही की त्याने घर निवडलं. २०२४ मध्ये राज्याने दर केंद्राला एक अशी विशेष शिक्षकांची ४८६० पदं मंजूर केली. चांगली गोष्ट. पण शिक्षक कितीही चांगला असला तरी आठवड्यातून एखादा तास घरी येणारा माणूस म्हणजे शाळा नव्हे. शाळा म्हणजे बाकावर शेजारी बसणारं दुसरं पोर, मधल्या सुट्टीतली मारामारी, खिचडीची रांग. ह्या पोराला मारामारी करायचाही हक्क आहे.

आता कायदा. 'कायदा तुमच्याच बाजूचा आहे' असं सांगूनच आपल्याला गप्प बसवतात, म्हणून तो नीट वाचला पाहिजे. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला. त्याच्या तिसाव्या कलमात म्हटलं होतं की सरकारने योजना करावी आणि अपंग मुलांना शाळेत जायला वाहतुकीची सोय द्यावी, *किंवा* त्याऐवजी पालकांना पैशाची मदत द्यावी. सगळी मेख त्या 'किंवा'त होती. सरकारला दोन दारं दाखवली तर ते स्वस्त दारानेच जाणार. गाडी नको, भत्ता दे. नव्वदच्या दशकात एकात्म शिक्षण योजनेत प्रवासभत्ता होता महिन्याला ५० रुपये, आणि ज्या मुलाला उचलून न्यावं लागतं त्याच्या मदतनिसाला ७५ रुपये. पंचवीस दिवस शाळा धरली तर मदतनिसाला दिवसाचे तीन रुपये. तीन रुपयांत माणूस नेणं आणि आणणं! हमालाने सुद्धा तोंडावर फेकून मारले असते.

मग २०१६ चा कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या सोळाव्या कलमात तो 'किंवा' उरलेला नाही. सरकारी अनुदानाच्या वा मान्यतेच्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने अपंग मुलाला वाहतुकीची सोय द्यावी, आणि ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या मदतनिसालाही द्यावी, असा त्याचा अर्थ आहे. मान्यतेच्या संस्था म्हणजे फक्त जिल्हा परिषदेच्या शाळा नव्हेत. आमच्या खान्देशातल्या शिक्षणसम्राटांची एकूण एक हायस्कुलं, कॉलेजं त्यात आली. हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत आहे? माहीत असेलच. मागणारा कुणी दारात आला नाही तर त्यांचं काय जातं!

कायद्यातून 'किंवा' गेला, पण कारभारातून गेला नाही. २०१८ पासून समग्र शिक्षा अभियान चालू आहे. त्यात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांचा हिशोब धरतात. ह्या पस्तीसशेतच पुस्तकं, साधनं, तपासणी शिबिरं, वाचकभत्ता, मदतनीस, प्रवास, सगळं आलं. प्राथमिक शाळेचे दिवस कायद्याने वर्षाला २०० असले पाहिजेत. भागून बघा. दिवसाला साडेसतरा रुपये. समजा सगळेच्या सगळे प्रवासावर उडवले, तरी साडेसतरा रुपयांत गावातला कोणता ॲपेवाला दारापर्यंत येऊन, पोराला उचलून बसवून, शाळेत उतरवून संध्याकाळी परत आणील? आणि हे पैसे मिळायला सर्टिफिकेट लागतं. सर्टिफिकेटासाठी पन्नास-साठ किलोमीटरवर जळगावच्या चकरा. मग ऑनलाइन कार्ड, बँकेचं खातं, मुख्याध्यापकाची सही. मी ज्या घरांत गेलो तिथं भत्ता आला तर वर्ष सरता सरता आला. पोरगं शाळेत जूनमध्ये जातं हो, मार्चमध्ये नाही!

कुणी म्हणेल एस.टी.त सवलत आहे ना. आहे. साध्या गाडीत अपंगाला ७५ टक्के सवलत, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर बरोबरच्या माणसाला ५० टक्के. ह्या सवलतीचं मोल मी कमी करत नाही, तिच्यासाठी माणसं झगडली आहेत. पण जरा हिशोब माय-बापाच्या अंगाने करा. सकाळी दोघं शाळेत गेले, ही एक खेप. पोराला सोडून आई एकटी घरी आली, दुसरी. संध्याकाळी एकटी आणायला गेली, तिसरी. दोघं परत आले, चौथी. साथीदाराची सवलत पोर बरोबर असतानाच. म्हणजे चारपैकी दोन खेपांना ती साथीदार नाहीच, साधी उतारू आहे. मार्च २०२३ पासून बायांना निम्मं तिकीट झालं, तेवढाच आधार. बाप किंवा आजोबा नेत असेल तर त्या दोन खेपांचं भाडं पुरं. शिवाय दिवसाची मजुरी गेली ती वेगळी. की मग तिने शाळेच्या पायरीवर बसून राहायचं, पाच-सहा तास. अशा बसलेल्या आया मी बघितल्यात. गावाला वाटतं ह्यांना काही काम नाही!

आणि सवलतीने तिकीट खाली येतं, पायरी खाली येत नाही. एस.टी.ची पहिली पायरी गुडघ्याला लागते. तिच्या वर दुसरी, मग अरुंद दार, मधोमध लोखंडी दांडा. अपंगांसाठी राखीव सीट आहे, पण ती आत आहे! आधी आत तर शिरू द्या. एकदा एका कंडक्टरने मला सांगितलं, भाऊ, मला टायम पाळायचा असतो, मी पोराला उचलू का घंटी मारू? तो खोटं बोलत नव्हता. त्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या ड्युटीत ते काम लिहिलेलंच नाही, त्याला मिनिटं दिलेली नाहीत. पाय निकामी होणं हे निसर्गाचं असेल, आजाराचं असेल. पायरी निसर्गाची नाही. एस.टी.ने वर्षानुवर्षं आपल्या गाड्यांच्या बॉड्या दापोडीला, चिकलठाण्याला, हिंगण्याला स्वतःच्या कार्यशाळांत बांधल्या. माणसांनी माप घेऊन, वेल्डिंग करून ती पायरी तिथं बसवली. माणसांनी बसवलेली गोष्ट माणसांना खाली आणता येते. हे वाक्य आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

गाडी कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हा प्रश्न खान्देशाला तसा नवा नाही. १९२९ साली अस्पृश्यांची गाऱ्हाणी तपासायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. धुळ्याकडच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. वस्ती जवळच होती. टांगे स्टेशनवर उभे होते. भाडं द्यायला वस्तीतले लोक तयार होते. पण महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर असला म्हणून काय झालं! शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतले, ज्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. नदीच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा नि टांगा खाली पाण्यात. पाय मोडला. कित्येक दिवस त्यांना उठता आलं नाही.

त्याच्याही आधी, १९०१ साली, मसूर स्टेशनवर पोरवयात तेच झालं होतं. दुप्पट भाडं कबूल केल्यावर गाडी मिळाली, पण गाडीवान पायी चालला आणि बैल हाकले पोरांनी.

ह्या दोन्ही हकिगती आपण जयंतीला ऐकतो, टाळ्या वाजवतो. त्यातली एक गोष्ट मला ह्या अपंग पोरांच्या घरी बसून कळली. दोन्ही वेळी खिशात पैसा होता. पैसा म्हणजे गाडी नव्हे! गाडी म्हणजे हाकणारा माणूस, ज्याचं ते काम आहे, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही. तो नसला की ज्याला हाकता येत नाही त्याने हाकायचं आणि ज्याला न्यायचं त्याने दगडावर पडायचं. चाळीसगावच्या फरशीवर जे झालं तेच रोज त्या मायच्या पाठीवर होतं. बस चालवणं हे तिचं काम नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनी भत्ता पुढे केला आणि ते बाजूला झाले.

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, हा विषय आपला नाही. आपला लढा जातीचा. अपंगांचे वेगळे संघ आहेत, ते बघतील. ह्या मित्रांसाठी २०११ च्या जनगणनेतले आकडे देतो. देशाच्या लोकसंख्येत अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के. अनुसूचित जातींत २.४५ टक्के. फरक थोडा वाटतो, पण कोट्यवधी लोकांत तो लाखो माणसांचा होतो. आणि तो देवाने केलेला नाही. पोटुशी बाई शेवटच्या दिवसापर्यंत राबते, दवाखाना लांब, पोराच्या तापाला वेळेवर औषध नाही, हात यंत्रात जातात, पाय गटारात सडतात. त्याच जनगणनेत ५ ते १९ वयाच्या अपंग मुलांपैकी शाळा-कॉलेजात जाणारी होती सुमारे ६१ टक्के. उरलेली कुठे आहेत? वस्तीत आहेत. पाड्यावर आहेत, पावरा-भिल्ल-तडव्यांच्या घरात. आपल्या पायाखाली आहेत आणि आपण म्हणतो विषय आपला नाही.

आणि 'पँथर' हे नाव आपण कुठून घेतलं? १९७२ ला मुंबईत पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून घेतलं. तर त्या काळ्या पँथरांची गोष्ट ऐका. १९७३ मध्ये तिकडे अपंगांशी भेदभाव करू नये असा कायदा झाला होता, पण त्याचे नियम सरकार दाबून बसलं. ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत दीडशेच्या आसपास अपंग माणसं शिरली आणि बाहेर पडेनात. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, पांढऱ्या काठ्या. फोन तोडले, तरी हलेनात. त्यांच्यात ब्रॅड लोमॅक्स नावाचा पँथर होता, स्वतः चाकाच्या खुर्चीवरचा. ओकलंडचे पँथर रोज गरम जेवण घेऊन येत, सगळ्यांसाठी, काळा-गोरा न बघता. पोटात अन्न होतं म्हणून धरणं टिकलं. २८ एप्रिलला मंत्र्याने नियमांवर सही केली. पुढच्याच वर्षी डेन्व्हर शहरात एकोणीस अपंग माणसं बससमोर आडवी झाली, रात्रभर रस्ता सोडला नाही, कारण त्या बसमध्ये त्यांना चढता येत नव्हतं. त्यांच्या देशात १९७५ च्या कायद्याने अपंग मुलाची शाळेची गाडी हा शिक्षणाचाच भाग मानला गेला होता. वेगळा भत्ता नाही, उपकार नाही. वही-पुस्तक तशी गाडी.

आपल्याकडे मात्र नवीन शब्द मिळाला. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवलं, विकलांग नको, दिव्यांग म्हणा. पाट्या बदलल्या, खात्याचं नाव बदललं, लेटरहेड बदलली. ह्या देशात नाव बदलून देण्याची फार हौस आहे. आपल्यालाही एकदा 'हरिजन' म्हणून झालंय. देवाची माणसं म्हटलं की माणसाचे हक्क द्यायची घाई उरत नाही. त्या ताठ पायांच्या पोराला मी विचारलं, तुला काय म्हणायचं रे? तो म्हणाला, माझ्या नावाने म्हणा.

पैसे नाहीत, गाड्या नाहीत, रस्ते नाहीत, ही बोंब नेहमीची. मला ती पटत नाही. २०११ पासून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून निळ्या गाड्या सुरू झाल्या, प्रत्येक तालुक्याला पाच, आठवी ते बारावीच्या मुलींना फुकट. शाळेच्या वेळेला येणारी, शाळेच्या पोरींसाठीच असलेली गाडी. सरकारच्या मनात आलं की वेळापत्रक होतं, ड्रायव्हर मिळतो, डिझेल मिळतं. खाजगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या तर आमच्या खेड्यांच्या गल्लीबोळांत फिरतात. ज्या रस्त्याने फी भरणाऱ्याचं पोर उचललं जातं, तोच रस्ता वस्तीच्या कडेने जातो. रस्ता आहे, गाडी आहे, ड्रायव्हर आहे. थांबा नाही.

उलट अंतर वाढवायचे उद्योग चालू आहेत. २०१७ मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या १३१४ शाळा बंद करायचा घाट घातला. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा मोडून 'समूह शाळा' करायची टूम निघाली, म्हणाले मुलांना गाडीने नेऊ. चालत्या पोरांना नेणारी गाडी अजून नीट दिसेना, न चालणाऱ्याला कोण विचारतो! कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पाड्यावरची दोन खोल्यांची शाळा मोडली की धडधाकट पोर कुरकुरत का होईना तीन किलोमीटर चालेल. अपंग पोराची शाळा त्याच दिवशी संपते. म्हणून वस्तीवरची शाळा वाचवणं आणि गाडी मागणं ह्या दोन वेगळ्या मागण्या नाहीत.

मला मोठी गाडीही नको. तालुक्याच्या प्रत्येक केंद्रात एक छोटी गाडी, मागून उतरती फळी, आत खुर्ची बांधायला पट्टे, आर.टी.ओ.कडून रीतसर पास केलेली. बरोबर एक मदतनीस बाई, पगारी. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ह्याच महाराष्ट्राने खडी फोडणं हे मजुरीचं काम मानलं. तिसऱ्या इयत्तेतलं पोर उचलून शाळेत नेणं खडी फोडण्यापेक्षा हलकं आहे का? ज्या मायला गाडी येईपर्यंत स्वतःच न्यावं लागेल तिला त्या दिवसाची किमान वेतनाची मजुरी द्या, भत्त्याची भीक नको.

दोस्तहो, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत आपापल्या गावात यादी करा. शाळेच्या हजेरीपटावरून करू नका, त्यात ही पोरं 'हजर' निघतील. घरोघर जा. काही घरं पोर दाखवणार नाहीत, लाजेने लपवतील, पुन्हा जा. वय लिहा, घरापासून शाळेचं अंतर लिहा, मधे नाला आहे का लिहा, सध्या कोण नेतं आणि त्याची किती मजुरी बुडते ते लिहा. पोराला बोलता येत असेल तर त्यालाच विचारा, खुणा करत असेल तर खुणा समजून घ्या. यादीच्या तीन प्रती काढा. एक गटशिक्षणाधिकाऱ्याला, एक एस.टी.च्या आगारात, एक आपल्याकडे. सोबत २०१६ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाची झेरॉक्स लावा. आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून उठू नका.